अर्जुनाची साल, चिकट गोळा आणि चोथ्यात राहिलेला अर्क

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते बी. फार्म. होऊन बडोद्यात नोकरी करतात. संखेड्याच्या बाजूला ओरसंग नदीच्या काठी त्यांच्या मामांची शेती आहे आणि बांधावर, काठावर मिळून अर्जुनाची तीसेक जुनी झाडे आहेत. त्यांनी तेथून आणलेली साल वाळवून दळली, दोन किलो पूड दहा लिटर पाण्यात झाकण ठेवून चार तास उकळली, फडक्यातून पिळून गाळली आणि गाळलेला काढा गॅसवर आटवला. हाती ३१० ग्रॅमचा काळपट तपकिरी गोळा आला. ओव्हनमध्ये ठेवला की तो कडक होतो, फोडला तर काचेसारखा फुटतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चिकट होऊन बसतो. त्याची पूड का होत नाही, त्यातून अर्जुनोलिक ॲसिड हा सालीतला घटक शुद्ध रूपात कसा काढावा आणि हा अर्क ‘दहास एक’, म्हणजे दहा किलो सालीचा एक किलो अर्क, म्हणून विकता येईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत वनस्पतींचे अर्क काढणाऱ्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षे काम केले, त्यातली बरीचशी सालींवर. त्या अनुभवावरून सांगतो की आपले तिन्ही प्रश्न भांड्यापाशी सुरू होतात, पण त्यांची उत्तरे बरीचशी भांड्याच्या आधी आणि भांडे उतरवल्यावर उरणाऱ्या चोथ्यात आहेत. म्हणून आधी चोथ्याकडे पाहू.

आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधी द्रव्यांची मानके सांगणाऱ्या ग्रंथात, अर्जुनाच्या सालीसाठी पाण्यात विरघळणारा भाग किमान २० टक्के असावा असे मानक आहे. मद्यार्कात विरघळणाऱ्या भागासाठीही तेच. म्हणजे आपली साल चांगली असेल तर दोन किलोंतून कोरडा अर्क निदान ४०० ग्रॅम निघायला हवा. आपला गोळा ३१० ग्रॅमचा आहे, पण तो ओला आहे. असे गोळे मी इतक्या वेळा तपासले आहेत की त्यात २० ते २५ टक्के पाणी धरून चालायला मला संकोच वाटत नाही. तरी आपण दोन ग्रॅम गोळा वजन केलेल्या उथळ बशीत पसरून १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि खात्री करून घ्या. पाणी वजा केले की उरतात साधारण २४० ग्रॅम. मग बाकीचे १६० ग्रॅम गेले कोठे? ते आपण चोथ्याबरोबर टाकून दिले.

यात आपली चूक उकळण्याची नाही. सालीची पूड आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवते आणि हाताने पिळून ते सुटत नाही. दोन किलो पुडीने चार लिटर काढा स्वतःत ठेवला. दहा लिटरांत ४०० ग्रॅम विरघळलेले होते. त्यातले सहा लिटर आपल्याला मिळाले, म्हणून २४० ग्रॅम मिळाले. उकळण्याचा वेळ चाराऐवजी आठ तास केला असता तरी हा आकडा फारसा हलला नसता, कारण विरघळायचे ते विरघळून गेले होते, अडचण ते बाहेर आणण्याची होती. साबणाचे कपडे एकाच बादलीत कितीही खळबळले तरी साबण जात नाही, पाणी बदलावे लागते, तसेच हे आहे. त्याच चोथ्यात पुन्हा सहा लिटर गरम पाणी घालून अर्धा तास ठेवून गाळले असते तर आणखी ९६ ग्रॅम मिळाले असते आणि तिसऱ्यांदा तेच केले असते तर ३८ ग्रॅम. तीन पाण्यांत मिळून ३७४ ग्रॅम, म्हणजे चौऱ्याण्णव टक्क्यांच्या आसपास. चौथे पाणी घालण्यात मात्र अर्थ नाही. त्यातून येणाऱ्या पंधरा ग्रॅमसाठी सहा लिटर पाणी आटवावे लागेल.

पाणी आटवणे हा या धंद्यातला खरा खर्च आहे. साल स्वस्त असते, इंधन स्वस्त नसते. साध्या शेगडीवर उघड्या पातेल्यात १४.२ किलोच्या एका सिलिंडरवर शंभर-सव्वाशे लिटर पाणी आटते, असा माझा अंदाज आहे. (घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, हे जाता जाता.) म्हणून कारखान्यात तिसरे पाणी आटवत नाहीत, ते पुढच्या घाण्याला पहिले पाणी म्हणून घालतात. आपणही दोन पिंपे ठेवून हे करू शकता. कोणत्या पाण्यावर थांबायचे ते ठरवायला यंत्र लागत नाही: पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर गाळलेल्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि त्यात फेरिक क्लोराइडच्या पातळ द्रावणाचा थेंब टाका. टॅनिन, म्हणजे सालीतले तुरट द्रव्य, भरपूर असेल तर निळा-काळा डाग उठतो. डाग राखाडी, फिकट दिसू लागला की चोथा फेकायला हरकत नाही. याच कारणाने अर्जुनाची साल लोखंडी कढईत कधीही उकळू नये. लोह आणि टॅनिन एकत्र आले की शाई होते, आणि जुन्या काळी शाई अशीच करत असत. बोअरचे जड पाणीही टाळावे. आपल्याकडच्या बहुतेक बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की काढा गढूळ होतो आणि तळाशी साका बसतो.

आता चिकटपणा. सालीच्या पाण्यातल्या अर्कात टॅनिन, साखरा, डिंकासारखी द्रव्ये आणि खनिज क्षार हे सगळे एकत्र येतात. अर्जुनाच्या सालीत कॅल्शियम खूप असते. तिच्या राखेची मर्यादा फार्माकोपियात २५ टक्के ठेवावी लागली ती त्यामुळेच. हे मिश्रण वाळले तरी त्याचे स्फटिक होत नाहीत, ते काचेसारखे अस्ताव्यस्त घन राहते. अशा घनाला हवेतली थोडी ओल मिळाली तरी तो मऊ पडतो. पावसाळ्यात डब्याबाहेर राहिलेली गुळाची चिक्की जशी बोटाला लागते, तसेच हे आहे. म्हणून ओव्हनचे तापमान वाढवून उपयोग नाही; वाढवाल तर नुकसानच होईल, कारण जास्त वेळ तापल्यावर टॅनिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि पाण्यात न विरघळणारा लालसर गाळ तयार होतो. गोळा जितका काळा, तितका तो जळका, असे माझे मत आहे. चांगला अर्जुनाचा अर्क विटकरी तपकिरी दिसतो.

उपाय दोन-तीन आहेत आणि ते एकत्र वापरावे लागतात. काढा आटवताना शेवटचा टप्पा निर्वात भांड्यात, ५५-६० अंशांच्या आत उरकावा. काढा सुमारे तिप्पट-चौपट दाट होईपर्यंत उघडे आटवणे चालते, पुढे चालत नाही. दाट झालेल्या काढ्यात मद्यार्क घालून त्याचे प्रमाण ६०-७० टक्क्यांवर नेले, रात्रभर थंड ठेवले आणि गाळले, तर डिंक आणि काही क्षार साका होऊन खाली बसतात. राहिलेला अर्क वाळल्यावर पुष्कळच सुटसुटीत होतो. त्यानंतर माल्टोडेक्स्ट्रिनसारखे वाहक द्रव्य मिसळून स्प्रे ड्रायरवर, म्हणजे गरम हवेत द्रवाचे बारीक थेंब उडवून वाळवणाऱ्या यंत्रावर, पूड करतात. आत जाणारी हवा १६०-१८० अंशांची असली तरी थेंब क्षणार्धात वाळतो आणि पूड ८०-९० अंशांच्या हवेबरोबर बाहेर पडते, म्हणून तिला इजा होत नाही. अर्कात वाहक किती मिसळला ते लेबलावर लिहावे लागते. आपल्या प्रमाणावर स्प्रे ड्रायर विकत घेण्यात शहाणपण नाही. कामाच्या मोबदल्यावर वाळवून देणारे बडोद्याच्या आसपास आहेत. आणि पूड झाली तरी जुलै-ऑगस्टमध्ये ती उघड्या हवेत पॅक करू नका. आम्ही त्या दोन महिन्यांत कोरड्या हवेच्या खोलीशिवाय पिशवी उघडत नसू.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे, कारण त्यात एक गैरसमज दडलेला आहे. आपल्या गोळ्यात अर्जुनोलिक ॲसिड आहे असे आपण गृहीत धरले आहे. ते ट्रायटर्पीन गटातले आम्ल आहे, मेणासारख्या वृत्तीचे, पाण्याशी फारसे सख्य नसलेले. पाण्याच्या काढ्यात उतरतात ती प्रामुख्याने टॅनिन आणि साखर जोडलेली काही ट्रायटर्पीन संयुगे. मोकळे अर्जुनोलिक ॲसिड बहुतेक चोथ्यातच राहते. वैद्यांनी अर्जुनाचा क्षीरपाक सांगितला, म्हणजे साल दूध-पाण्यात उकळून दूध उरेपर्यंत आटवायची. त्याचे आणखी काही कारण असेल, पण दुधातली चरबी पाण्यात न उतरणारे थोडेफार बाहेर काढते, एवढे रसायन मला त्यात दिसते. आपल्या पूर्वजांनी मद्यार्कही वापरला, फक्त तो बाहेरून घातला नाही. पार्थाद्यरिष्टात अर्जुनाच्या सालीचा काढा, मनुका, मोहाची फुले, गूळ आणि धायटीची फुले घालून आंबवतात. आंबताना ५ ते १० टक्के मद्यार्क आपोआप तयार होतो आणि पाण्याला न सुटणारे काही त्याला सुटते. तेवढ्यावर तो पुढे टिकतोही.

शुद्ध घटक हवा असेल तर मार्ग वेगळा. सालीची पूड आधी हेक्झेनने धुऊन मेण आणि तेलकट भाग काढावा, मग मद्यार्काने तीन-चार वेळा काढा घ्यावा, मद्यार्क काढून टाकावा, राहिलेले पाण्यात पसरवून इथिल ॲसिटेटबरोबर हलवावे. ट्रायटर्पीन आम्ले इथिल ॲसिटेटमध्ये जातात, साखर जोडलेली संयुगे पुढे ब्युटेनॉलने काढता येतात आणि टॅनिनचा बराच भाग पाण्यात मागे राहतो. त्यानंतर सिलिकाचा स्तंभ, म्हणजे सिलिकाची पूड भरलेली नळी, जिच्यातून घटक एकामागून एक वेगवेगळ्या नळ्यांत उतरतात, आणि शेवटी स्फटिकीकरण. पातळ थराच्या प्लेटवर ॲनिसाल्डिहाइड-गंधकाम्ल फवारून तापवले की ट्रायटर्पीनचे ठिपके जांभळे उमटतात. त्यावरून कोणत्या नळीत काय आहे ते कळते. हे सारे करून हाती येते ते मिलिग्रॅममध्ये, आणि त्यासाठी जे द्रावक जळते त्याची किंमत त्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त असते. प्रयोगशाळेत शिकण्यासाठी जरूर करा. मामांच्या झाडांवर उत्पन्न म्हणून हे चालणार नाही. हाच पदार्थ अर्जुनाच्या गाभ्याच्या लाकडातूनही मिळतो आणि लाकूड कापताना पडणाऱ्या भुश्यातून तो काढल्याचे काम झालेले आहे, तेव्हा साल खर्ची घालण्याचे कारणही उरत नाही.

मद्यार्काबद्दल गुजरातेत राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको, पण नवखे लोक येथेच अडकतात. रेक्टिफाइड स्पिरिट औषधासाठी हवे असेल तरी नशाबंदी आणि आबकारी खात्याचा परवाना, साठ्याची नोंदवही आणि तपासणी यातून सुटका नाही. त्या कटकटीला कंटाळून कोणी डिनेचर्ड (मुद्दाम पिण्यास अयोग्य केलेले) स्पिरिट वापरले, तर पोटात घ्यायच्या औषधात मिथेनॉल जाण्याचा धोका पत्करला जातो. हे कोणत्याही परिस्थितीत करू नये. द्रावकाचा अंशही मर्यादेतच राहिला पाहिजे: मिथेनॉल दशलक्षात ३०००, हेक्झेन २९०, बेंझिन अवघे २. जुन्या पुस्तकांत बेंझिन सर्रास लिहिलेले सापडेल. त्याच्या जागी टोल्युइन वाचा, आणि जमल्यास तेही टाळा. मद्यार्काची वाफ खोलीच्या साध्या तापमानालाही पेट घेते, म्हणून गॅसच्या शेगडीवर मद्यार्काचे भांडे ठेवण्याची कल्पनाही मनात आणू नका. पाण्याची अंघोळ, विजेचा हीटर, वरती कंडेन्सर आणि खोलीला दोन दारे.

बडोद्यात या शास्त्राची मुळे जुनी आहेत. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली, प्रा. गज्जर तेथले, आणि पुढे १९०७ मध्ये कोटिभास्कर, अमीन आणि गज्जर यांनी अलेम्बिक ही औषध कंपनी उभी केली ती आधी मद्यार्क आणि टिंक्चर यांवर. टिंक्चर म्हणजे मद्यार्कात काढलेला वनस्पतीचा अर्कच. म्हणून आज येथल्या मुलाने घरी काढा आटवून पाहिला, याचे मला कौतुकच वाटते.

मद्यार्काच्या अर्काला पर्कोलेटर (पूड भरून वरून द्रावक सोडायचे आणि खालच्या नळातून अर्क घ्यायचे भांडे) वापरायचा झाला तर एक गोष्ट लक्षात ठेवा. मी नवा असताना साल जितकी बारीक तितका अर्क जास्त, असे समजून पीठ करून भरले आणि वरून द्रावक सोडले. पीठ फुगले, भांड्यात घट्ट बसले आणि सकाळपर्यंत खालच्या नळातून एक थेंब पडला नाही. शेवटी लाकडी दांड्याने खरवडून बाहेर काढावे लागले, आणि वरिष्ठांनी दिवसभर मला काहीही बोलायचे नाही असे ठरवलेले दिसले. पूड रव्याइतकी जाड हवी. ती आधी थोड्या द्रावकाने ओलवून झाकून चार तास फुगू द्यायची, मग थर दाबत, पण ठोकत नाही, भरायची. ओलवताना हातात मूठ धरून दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर मोडावा, एवढी ओल.

शुद्ध घटकाची गोष्ट निघालीच आहे तर सालींमध्ये कोठे ती फळाला येते ते सांगतो, कारण सर्वच साली अर्जुनासारख्या नाहीत. ज्या सालीत अल्कलॉइड आहे तेथे काम पुष्कळ सोपे होते. सिंकोनाच्या सालीतून पेलेटिए आणि कॅव्हेंटू यांनी १८२० मध्ये क्विनीन वेगळे केले ते त्यामुळेच. अल्कलॉइड ही आम्लारी असते: सालीत ती आम्लाशी जोडलेली, पाण्यात विरघळणारी असते, चुना घातला की मोकळी होते आणि पाणी सोडून तेलकट द्रावकात जाते, त्या द्रावकाला पातळ गंधकाम्लाबरोबर हलवले की पुन्हा पाण्यात येते. असे दोन-तीनदा इकडून तिकडे नेले की टॅनिन, साखर, मेण सगळे वाटेतच गळते आणि क्विनीन सल्फेट स्फटिक होऊन बसते. निलगिरीत आणि दार्जिलिंगजवळ मुंगपू येथे इंग्रजांनी लावलेल्या सिंकोनाच्या बागांची साल याच मार्गाने गेली. विलोच्या सालीची गत वेगळी झाली. १८२८ मध्ये त्यातून सॅलिसिन मिळाले, पण पुढे सॅलिसिलिक आम्ल कारखान्यात बनवता आले, १८९७ मध्ये त्यापासून ॲस्पिरीन तयार झाले आणि साल सोलायचे काही कारणच उरले नाही. पॅसिफिक यू या अमेरिकेतल्या झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाचे प्रमाण तर ०.०१ टक्क्याच्या आसपास. झाडे संपतील अशी वेळ आल्यावर शास्त्रज्ञ युरोपीय यूच्या पानांकडे वळले, कारण पाने पुन्हा येतात. साल ही झाडाची सगळ्यात महाग वस्तू आहे आणि तिच्यावाचून भागत असेल तर भागवावे, हे औषधनिर्मितीने फार उशिरा शिकून घेतले.

आपल्याकडे अल्कलॉइडसाठी कुडा घ्या. पांढऱ्या कुड्याच्या सालीत कोनेसीन आणि त्याच्या जातीची अल्कलॉइडे मिळून साधारण दोन टक्के असतात. पूड चुन्याच्या निवळीने किंवा अमोनियाने ओली करून टोल्युइनने काढा घ्यायचा, आणि तो पातळ आम्लाबरोबर फनेलमध्ये हलवायचा. येथे शिकाऊ मुले फनेल ताक घुसळल्यासारखी हलवतात. लगेच लोण्यासारखे इमल्शन तयार होते आणि दोन थर सुटायला रात्र जाते. फनेल आडवे धरून पंधरा-वीस वेळा हलकेच उलटसुलट करावे, दर वेळी नळ उघडून वाफ सोडावी. तरीही इमल्शन झालेच तर मिठाचे घट्ट द्रावण घालून वाट पाहावी. आम्लाच्या पाण्याचा एक थेंब ड्रॅगेनडॉर्फच्या द्रवात टाकल्यावर नारिंगी साका पडला, तर अल्कलॉइड आले. पडेनासा झाला की काम संपले.

पण कुड्याचे खरे संकट फनेलमध्ये नसते, पोत्यात असते. एकदा पंचमहालाच्या बाजूने आमच्याकडे बारा पोती कुड्याची साल आली. रंग बरा, वाळलेली, कागदपत्रे नीट. आमच्या गोदामातले एक वयस्कर गृहस्थ पोत्यातून मधला तुकडा काढून दाढेखाली धरायचे. त्यांनी तीन पोत्यांतले तुकडे चावले, थुंकले, आणि म्हणाले, “साहेब, हा तर दुधलो आहे.” गुजरातीत दुधलो म्हणजे आपला काळा कुडा. पांढऱ्या कुड्याची साल चावल्याबरोबर तोंड कडू करते आणि तो कडवटपणा बराच वेळ जिभेवर बसतो. काळ्या कुड्याची साल तशी कडू नसते. प्रयोगशाळेने दुसऱ्या दिवशी अल्कलॉइड जवळपास नाही असा अहवाल दिला, पण पोती परत जायचे ठरले होते ते आदल्या दिवशीच. (चावून पाहणे हे आता कोणत्याही नियमपुस्तकात बसणार नाही आणि अनोळखी साल तोंडात घालू नये, हेही खरे.) अशीच गफलत अशोकाची होते. बडोद्याच्या सोसायट्यांच्या कुंपणाला उभे असलेले उंच, सरळ आसोपालव लोक अशोक म्हणून ओळखतात आणि त्याची साल अशोकाच्या नावाने बाजारात येते. सीतेचा अशोक, ज्याची साल स्त्रीरोगांत वापरतात, तो वेगळा, आणि जंगलात तो आता दुर्मीळ झालेला आहे. आपल्याकडे झाडे डोळ्यांसमोर आहेत, हा आपला सर्वांत मोठा फायदा आहे. तो कागदावर उतरवून ठेवा: कोणते झाड, कोणती तारीख, किती वजन.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता आपणच देऊ शकता. ‘दहास एक’ म्हणजे दहा किलो सालीतून एक किलो अर्क. आपली साल फार्माकोपियाच्या किमान मानकाइतकी असली आणि आपण ती नीट धुतली, तर पाच किलोंतून एक किलो निघतो, म्हणजे ‘पाचास एक’. मग पाचाचे दहा कोठून झाले? एक तर अर्धा अर्क चोथ्यात टाकून दिला, किंवा काहीतरी निवडून काढून बाकीचे टाकले, आणि काय निवडले ते सांगता आले पाहिजे. आपल्या पहिल्या घाण्याचे गुणोत्तर सव्वाआठास एक येते, ते तर निव्वळ गळतीचे गुणोत्तर आहे. मोठा आकडा लावलेला अर्क अधिक तीव्र असतो अशी ग्राहकाची समजूत आहे आणि व्यापारी ती दूर करत नाहीत. खरेदीदाराने टॅनिन किती, ट्रायटर्पीन किती, राख किती, शिसे दशलक्षात १०च्या आत आहे का आणि आर्सेनिक ३च्या आत आहे का, हे विचारावे. आपण त्याला हेच अहवाल दाखवावेत. औषध म्हणून विकायचे असेल तर राज्याच्या अन्न आणि औषध खात्याचा परवाना लागतो. सुरुवातीला अर्काऐवजी नीट वाळवलेली, ओळख पटलेली साल परवानाधारक कारखान्याला विकणे आपल्याला अधिक परवडेल, असे माझे स्पष्ट मत आहे. हृदयाच्या गोळ्या चालू असलेल्या कोणालाही, घरातल्या माणसालाही, आपला अर्क वैद्य किंवा डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका.

आता झाडांविषयी, जे मी आपल्याला सर्वांत आधी सांगायला हवे होते. साल ही झाडाची कातडी आहे आणि तिच्या आतल्या थरातून पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते. खोडाभोवती पूर्ण कडे काढले की ते वाहणे थांबते आणि झाड वर्षा-दोन वर्षांत उभ्याउभ्या वाळते. ओरसंगच्या काठी मी असे वाळलेले अर्जुन पाहिले आहेत. जळणासाठी ते ठीक, पण पुढची साल कायमची गेली. अर्जुन मुळात उदार झाड आहे. बाहेरची राखाडी साल पापुद्र्यांनी स्वतःच सोडते, आणि आतला गुलाबी थर काळजीपूर्वक काढून लाकडाला चिकटलेला सर्वांत आतला पातळ थर तसाच ठेवला, तर नवी साल येते. मी मामांना सांगेन की कंबरेइतक्या किंवा त्याहून जाड खोडाचीच झाडे घ्या, घेराच्या चौथ्या भागापेक्षा जास्त रुंद पट्टी काढू नका, पट्टी उभी काढा, आणि कुऱ्हाडीऐवजी बोथट पात्याने सोला. विळ्याचा घाव लाकडाला लागला की तेथे साल परत येत नाही, बुरशी मात्र येते.

साल कधी काढावी? चरकसंहितेत साल, कंद आणि चीक शरदात घ्यावेत असे सांगितले आहे, आणि व्यवहारातही ते जुळते: पाऊस गेलेला असतो, झाडात ओल असते म्हणून साल सहज सुटते, हवा कोरडी होऊ लागलेली असते म्हणून ती वाळते. पावसाळ्यात काढलेली साल ढिगात ठेवली की दोन दिवसांत बुरशीचा वास येतो, आणि एकदा बुरशी लागली की ती साल औषधासाठी संपली. तुकडे बोटभर रुंद करून सावलीत, जाळीवर, एकेरी थरात वाळवा. ताज्या सालीचे वजन निम्म्याच्या आसपास उतरते. वाळलेला तुकडा वाकवला तर कट्कन मोडला पाहिजे. वाकून राहिला तर दळू नका, कारण ओली साल चक्कीत तापते, चिकटते आणि पूड होण्याऐवजी तंतू बाहेर पडतात. अंगणातली माती सालीत मिसळली तर राखेचा आकडा वाढतो, तो अहवालात दिसतोच.

झाडे मामांच्या सातबाऱ्यातली आहेत की नदीपात्रातली, हे आधी तलाठ्याकडून पाहून घ्या. नदीपात्रातल्या झाडाला हात लावायचा नाही. खासगी असली तरी वाहतुकीबद्दल वनखात्याला आणि व्यापारी वापराबद्दल जैवविविधता मंडळाला विचारून ठेवा. एकदा पोती रस्त्यात अडकली की अर्क काढण्यापेक्षा ती सोडवणे अवघड.

पुढच्या घाण्यासाठी दोन किलो नको, अर्धा किलोच घ्या. रव्याइतकी जाड पूड, आरओचे पाणी, अडीच लिटरांत दीड तास, मग दीड-दीड लिटरांची दोन पाणी. प्रत्येक पाणी वेगळे मोजा, त्यातले दहा मिली बशीत वाळवून वजन करा आणि तीन आकडे लिहून ठेवा. पहिल्या पाण्यात साधारण साठ ग्रॅम, दुसऱ्यात चोवीस आणि तिसऱ्यात दहा आले तर आपली साल आणि आपला हात दोन्ही ठीक आहेत. पहिल्यातच चाळीसच्या खाली आले तर पूड जाड राहिली किंवा साल जुनी आहे. आणि मामांना सांगा की ज्या झाडाची ज्या बाजूची साल काढली, तेथे खोडावर गेरूने महिना आणि वर्ष लिहून ठेवावे, म्हणजे दोन वर्षांनी त्याच्या उलट बाजूला हात लावता येईल.